बसणाऱ्यांची बाजू

चेहऱ्यावर मोको गोंदलेल्या माओरी स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे ही न्यूझीलंडच्या चित्रकलेची जगाला सर्वात परिचित असलेली ओळख. त्यांच्याशी दोन चित्रकारांची नावे जोडली जातात, बोहेमियातून आलेला गॉटफ्रीड लिंडाउअर आणि ऑकलंडमध्येच जन्मलेला चार्ल्स फ्रेडरिक गोल्डी. या चित्रांची हकीकत बहुतेक वेळा चित्रकाराच्या बाजूने सांगितली जाते. त्याने म्हणे गोंदलेली वृद्ध माणसे हुडकून काढली, त्यांना मनवून समोर बसवले आणि लोप पावणारे चेहरे पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवले. या हकीकतीत समोर बसलेल्या माणसाला काही करायचेच उरत नाही, फक्त सापडायचे आणि स्वस्थ बसायचे. पण या चित्रांमागचा पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर ही मांडणी टिकत नाही. ती माणसे का आली, कोणाबरोबर आली, त्यांनी कशाचा आग्रह धरला आणि चित्र झाल्यावर त्यांच्या लोकांनी त्याचे काय केले, हे पाहिले की या चित्रांना बसणाऱ्यांचा हात लागलेला दिसतो. त्यांच्यावर झालेला अन्यायही त्याच पुराव्यात आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाही. मात्र अन्याय झाला एवढ्याने त्यांचे कर्तेपण पुसले जात नाही.

आधी मोको म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडचे गोंदण सुईने टोचून काढतात आणि कातडी गुळगुळीतच राहते. जुना मोको तसा नव्हता. हाडाच्या, पुढे लोखंडाच्या, छोट्या छिन्नीवर हातोडीने ठोके देत कातडी कोरली जाई आणि त्या चरांत काजळीचा रंग भरला जाई. या छिन्नीला उही म्हणतात. बरे झाल्यावरही चेहऱ्यावर खोल चर राहत. डोके माओरींच्या लेखी अत्यंत पवित्र, रक्तही पवित्र, त्यामुळे हे काम करणारा तोहुंगा आणि करून घेणारा दोघांवरही कडक बंधने येत. चेहरा सुजल्यावर अन्नाला हात न लागता कोरीव लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न पाजले जाई. पुरुषांचा पूर्ण चेहरा कोरला जाई, स्त्रियांचे ओठ आणि हनुवटी. एका माणसाचा मोको दुसऱ्यासारखा नसे. कूळ, मान आणि कर्तृत्व त्यात वाचता येई. म्हणूनच जमिनीच्या खरेदीखतांवर आणि 1840 च्या वाइतांगी तहावर काही माओरी सरदारांनी सही म्हणून आपल्या मोकोच्या रेषा काढल्या. चेहऱ्याचा हा अर्थ ध्यानात घेतला, की अशा माणसाने चित्रासाठी बसणे ही किरकोळ गोष्ट उरत नाही.

याचा सर्वात लख्ख पुरावा लिंडाउअर किंवा गोल्डीच्या फार आधीचा आहे. ते पेही कुपे हे न्गाती तोआ जमातीचे सरदार. 1824 साली कुकच्या सामुद्रधुनीत एका इंग्रज जहाजावर चढले आणि काही केल्या उतरेनात. त्यांना इंग्लंडला जाऊन बंदुका मिळवायच्या होत्या. लिव्हरपूलला जॉन सिल्व्हेस्टर नावाच्या चित्रकाराने त्यांचे चित्र काढायला घेतले, तेव्हा मोकोची प्रत्येक रेषा जिथल्या तिथे आणि जशीच्या तशी उतरली पाहिजे असा त्यांनी हट्ट धरला. पुढे त्यांनी स्वतः कागद घेऊन, आरशात न बघता, आपला संपूर्ण मोको काढून दाखवला. आपल्या भावाच्या आणि मुलाच्या चेहऱ्यावरच्या रेषाही त्यांनी आठवणीतून काढल्या. जॉर्ज लिली क्रेक याने 1830 च्या पुस्तकात ही हकीकत दिली आहे आणि ते पेहींनी काढलेली आकृतीही छापली आहे. गोरा माणूस लेखणीने नाव लिहितो, आपले नाव इथे आहे, अशा अर्थाचे काहीतरी ते कपाळाकडे बोट दाखवून सांगत, असेही क्रेक नोंदवतो. इथे कोणी कोणाला शोधले? चित्रकाराला नाक, डोळे, गालांची ठेवण हवी होती. समोरच्या माणसाच्या दृष्टीने त्या गोष्टी दुय्यम होत्या. त्याची ओळख कातडीवरच्या रेषांत होती आणि त्या चुकल्या तर चित्र दुसऱ्याच कोणाचे होणार होते. एकाच कॅनव्हासवर व्यक्तिचित्राच्या दोन कल्पना समोरासमोर उभ्या होत्या आणि त्यातली एक बसणाऱ्याची होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे. युरोपियांनी मोको असलेला चेहरा माणूस म्हणून पाहिलाच नाही, वस्तू म्हणून पाहिला, असा तो आक्षेप. त्याला आधारही आहे. कुकच्या पहिल्या सफरीत 1769 साली सिडनी पार्किन्सन हा तरुण चित्रकार मोको असलेल्या माओरींची चित्रे काढत होता. बे ऑफ आयलंड्सच्या एका सरदाराच्या मुलाचे नाव त्याने चित्राबरोबर टिपूनही ठेवले. त्याच जहाजावरच्या जोसेफ बँक्सने काही महिन्यांत, जानेवारी 1770 मध्ये, एका वृद्धाकडून मेलेल्या माणसाचे जतन केलेले डोके मिळवले. मोबदला काय, तर लिननचा एक जुना चोळणा. वृद्ध माघार घेऊ लागला तेव्हा बँक्सने त्याच्यावर बंदूक रोखली. पुढे बंदुकांच्या बदल्यात मोको असलेली अशी डोकी असा व्यापारच सुरू झाला, विक्रीसाठी गुलामांचे चेहरे गोंदले जाऊ लागले आणि 1831 मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर डार्लिंग याला बंदीचा हुकूम काढावा लागला. बंदीनंतरही संग्राहक थांबले नाहीत. होरेशिओ रॉब्ली हा सैनिक 1864 च्या युद्धात न्यूझीलंडला होता. त्याने जिवंत माणसांचे मोको मन लावून रेखाटले, 1896 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि त्याच हाताने पस्तिसेक डोकी जमवली. त्यातली बहुतेक न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने विकत घेतली; ती मायदेशी परत यायला 2014 साल उजाडले.

चित्र आणि डोके एकाच हौसेतून जमवले गेले, हे मान्य करावेच लागते. पण दोन्हींत काही फरक नाही असे म्हणणे म्हणजे जिवंत माणसाला मेलेल्याच्या रांगेत बसवणे होय. जिवंत माणूस येतो किंवा येत नाही. तो पैसे मागतो, कंटाळून उठून जातो, रेष चुकली तर सांगतो, पुढच्या वेळी नातेवाइकाला बरोबर आणतो. ते पेहींनी कागद हातात घेतला, तसे त्या डोक्यांना करता आले नाही. बंदूक रोखून घेतलेले डोके आणि हट्ट धरून दुरुस्त करून घेतलेले चित्र यांतला हा फरक या माणसांनीच निर्माण केला, आणि इतिहासाने तो मोजला पाहिजे.

चित्रकारच का, फोटोग्राफर का नाही, या प्रश्नाला एक तांत्रिक उत्तर आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. 1850 नंतर फोटोग्राफीत जी ओली काच वापरली जाई, तिचे रसायन निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील होते. मोकोची काजळी कातडीत निळसर-हिरवट दिसते. काचेवर ती फिकी पडे, कधी दिसतच नसे. खोल चरांत सावली पडली तर काही रेषा हाती लागत, एरवी स्टुडिओवाले फोटोवर किंवा काचेवर हाताने रेषा ओढून देत आणि त्या बऱ्याचदा चुकत. म्हणजे ज्या काळात कॅमेरा घरोघरी पोहोचत होता, त्याच काळात तो माओरी वडीलधाऱ्यांची ओळख पुसून टाकत होता. मोको जसाच्या तसा हवा असेल तर रंगवणाऱ्याकडेच जावे लागे. लिंडाउअरला माओरी घराण्यांकडून एवढी कामे का मिळाली, याचे निदान एक कारण यात आहे असे मला वाटते.

लिंडाउअरचा जन्म 1839 साली पिल्झनला झाला. व्हिएन्नात शिकून तो 1874 मध्ये न्यूझीलंडला उतरला. ऑकलंडचा तंबाखूचा व्यापारी हेन्री पार्ट्रिज त्याचा आश्रयदाता झाला, त्यामुळे लिंडाउअरच्या माओरी चित्रांमागे गोऱ्या संग्राहकाचा पैसा होता असे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. माओरी कुटुंबांनी त्याच्याकडून पदरच्या पैशाने चित्रे करून घेतली, ती सभागृहांत टांगली आणि मर्तिकाच्या वेळी गेलेल्याच्या शेजारी मांडली. काही चित्रे आजही त्या घराण्यांकडे आहेत. पार्ट्रिजने 1901 मध्ये क्वीन स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानाच्या वर हा संग्रह खुला केला तेव्हा माओरी मंडळी लांबून पाहायला आली. तिथल्या अभिप्रायाच्या वहीत त्यांनी आपल्या भाषेत लिहिले; ती वही टिकून आहे. हे लोक आपल्या पूर्वजांना भेटायला आले होते. पुढे 1915 मध्ये पार्ट्रिजने साठांहून अधिक व्यक्तिचित्रे ऑकलंड शहराला दिली. बेल्जियमच्या निर्वासितांसाठी नागरिकांनी दहा हजार पौंड जमवावेत, ही त्याची अट होती आणि ती पुरी झाली.

लिंडाउअरच्या माओरी चित्रांपैकी बारा 1886 मध्ये लंडनच्या वसाहती आणि हिंदुस्थान यांच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. वॉल्टर बुलर या संग्राहकाने ती पाठवली होती. त्याच प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले हिंदी कारागीर लोकांसमोर बसून काम करून दाखवत होते आणि व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून रुडॉल्फ स्वोबोडा त्यांची चित्रे काढत होता. तोही व्हिएन्नाचाच. एकाच प्रदर्शनाच्या निमित्ताने व्हिएन्नात घडलेल्या दोन हातांची कामे समोर आली, पण चित्रात बसलेल्यांची परिस्थिती सारखी नव्हती. कैदी कारागिराला ना येण्याचे स्वातंत्र्य होते ना चित्राबद्दल बोलण्याचे. बसणाऱ्याचा वाटा सगळीकडे सारखाच होता असा माझा दावा नाही. तो प्रत्येक ठिकाणी पुराव्यानेच ठरवावा लागतो आणि आग्र्याच्या कारागिरांच्या बाबतीत तो फार थोडा भरतो.

गोल्डीचे प्रकरण अधिक अवघड आहे. त्याचे वडील ऑकलंडचे लाकडाचे व्यापारी आणि पुढे महापौर. पॅरिसच्या जुलियन अकादमीत शिकून तो 1898 मध्ये परतला आणि त्याच वर्षी आपल्या जुन्या गुरूबरोबर, लुई जॉन स्टील याच्याबरोबर, माओरींच्या आगमनाचे भव्य चित्र त्याने रंगवले. त्यात भुकेने खंगलेली, भेदरलेली माणसे आहेत आणि रचना फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या बुडत्या तराफ्याच्या चित्रावरून उचललेली आहे. महासागर ओलांडणारे निष्णात दर्यावर्दी या चित्रात वाऱ्यावर सोडलेले जीव झाले, हे अक्षम्यच आहे. पुढे गोल्डी एकेकट्या वृद्धांच्या चित्रांकडे वळला. त्याला ही माणसे कुठे भेटली? काही रोटोरुआच्या फेऱ्यांत, पण पुष्कळशी ऑकलंडमध्येच. ती शहरात का आली होती याचे एक ठळक उत्तर म्हणजे जमिनीचे कोर्ट. 1865 पासून हे कोर्ट माओरींच्या सामाईक जमिनींचे व्यक्तिगत हक्कांत रूपांतर करत होते. दावा लावायचा तर वृद्धांना शहरात येऊन साक्ष द्यावी लागे आणि सुनावण्या लांबत. खर्च वाढे, कर्ज होई, आणि कर्ज फेडायला पुन्हा जमीनच विकावी लागे. वाइकातोत तर युद्धानंतर सरकारने सुमारे बारा लाख एकर जप्त केले होते. गोल्डीच्या स्टुडिओचा जिना चढणाऱ्या वृद्धांना शहरात आणणारी वाट ही अशी होती. चित्रकाराला मॉडेल मिळण्याची सोय आणि या लोकांच्या जमिनी जाण्याची व्यवस्था एकमेकींना लागूनच होत्या.

तरीही गोल्डीच्या स्टुडिओत माणसे आणण्याचे काम बऱ्याच अंशी एका माओरी स्त्रीने केले. इना ते पापाताही या न्गापुही जमातीच्या. पातुओने आणि तामाती वाका नेने या नामवंत सरदारांच्या त्या नात्यातल्या, ऑकलंडच्या मेकॅनिक्स बे इथल्या माओरी वसतिगृहात राहत. गोल्डीने त्यांना कितीदा तरी रंगवले. ओळखीपाळखी त्यांच्या होत्या आणि कोणाला या गोऱ्या तरुणाकडे न्यायचे हे त्या ठरवू शकत होत्या. बसण्याचे पैसे मिळत. गरज होती म्हणून लोक बसले, मग त्यात स्वेच्छा कसली, असे कोणी म्हणेल. पण गरजेतून काम पत्करणाऱ्या कुणालाही आपण इच्छाशून्य म्हणत नाही. गरजेने त्यांना पैसे घ्यायला लावले असेल. कोणी यायचे, कोणाला आणायचे, पुन्हा बसायचे की नाही, याचा निवाडा गरजेने केला नाही.

गोल्डीच्या बाजूने मी बोलू शकत नाही तो भाग त्याच्या शीर्षकांचा. पातारा ते तुही यांचे उदाहरण घ्या. माओरी राजाच्या चळवळीचे ‘ते होकिओई’ हे वृत्तपत्र 1862-63 मध्ये न्गारुआवाहियाहून निघत असे, त्याचे ते संपादक. ज्या छापखान्यावर ते छापले जाई तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाची भेट होता. दोन माओरी तरुण व्हिएन्नात राहून छपाई शिकून आले होते. 1884 साली राजा ताफियाओ यांच्याबरोबर पातारा लंडनला फिर्याद घेऊन गेले. असा हा राजकारणी, लेखणी धरणारा माणूस गोल्डीच्या 1901 च्या चित्रात ‘म्हातारा योद्धा’ म्हणून ओळख करून दिला जातो. कामारिएरा फारेपापा यांनी तर 1863 मध्येच इंग्लंड पाहिले होते, राणीची भेट घेतली होती आणि इंग्रज स्त्रीशी लग्न केले होते. अशा माणसांना गोल्डी आठवणींत हरवलेले, पापण्या मिटत आलेले दाखवतो. गोलटोपी घातलेल्या ते आहो ओ ते रांगी फारेपू यांच्या हसऱ्या चित्राला तर त्याने मोडक्या इंग्रजीतले थट्टेचे नाव दिले. हा अपमान आहे आणि तो चित्रकाराचा आहे. पण चित्रात चेहरा आणि शीर्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीर्षक खरेदीदारासाठी लिहिले गेले. चेहऱ्यावरच्या रेषांत मात्र गोल्डीने कुचराई केली नाही. कोरलेल्या चरातली सावलीसुद्धा त्याने सोडली नाही. ते पेहींनी जी गोष्ट मागितली होती ती या चित्रांत पुष्कळ अंशी सांभाळली गेली.

आणि ज्या समजुतीवर ही शीर्षके उभी होती ती मुळात चुकीची होती. 1896 च्या जनगणनेत माओरींची संख्या सुमारे 42 हजारांवर आली होती, त्यावरून ही जात संपत आली असे गोऱ्या समाजाने ठरवून टाकले. पण तोच तळ होता. त्यानंतर संख्या वाढत गेली आणि 2023 च्या जनगणनेत साडेआठ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला माओरी म्हणून नोंदवले. पुरुषांच्या चेहऱ्यावरचा जुना मोको 1860 च्या दशकानंतर जवळजवळ थांबला हे खरे. स्त्रियांचा मोको थांबला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तामे पोआता यांच्यासारखे गोंदणारे गावोगाव फिरून सुईने स्त्रियांच्या हनुवट्या गोंदत होते. गोल्डीने 1941 मध्येही फारेकाउरी ताहुना यांना एका थोर वंशाचा थोर अवशेष ठरवणारे चित्र केले, तेव्हा त्याच देशात अलीकडेच गोंदून घेतलेल्या कित्येक स्त्रिया आपापले संसार करत होत्या. त्यांच्याकडे जायला त्याला काही अडचण नव्हती. शेवटचा चेहरा टिपण्याच्या ध्यासात त्याला पुढचे चेहरे दिसलेच नाहीत.

त्या स्त्रियांकडे गेले ते इतिहासकार मायकेल किंग आणि फोटोग्राफर मार्टी फ्रिडलँडर. 1970 च्या सुमारास दोघे वस्त्यावस्त्यांतून हिंडले आणि त्यांचे पुस्तक 1972 मध्ये आले. या वेळी बसणाऱ्या आज्यांच्या तोंडची हकीकतही नोंदली गेली: कोणी गोंदले, कधी, घरच्यांचे म्हणणे काय होते. नंतर 2018 मध्ये मायकेल ब्रॅडली या फोटोग्राफरने जुनी ओली काच मुद्दाम वापरून आजच्या मोकोधारी माणसांचे फोटो काढले आणि शेजारी त्याच माणसाचा आजच्या कॅमेऱ्याचा फोटो लावला. एकात मोको विरतो, दुसऱ्यात ठसठशीत दिसतो. बसणारे काय चालले आहे हे पुरते जाणून बसले होते. या काळापर्यंत मोको घेणाऱ्यांत संसदेतले लोक होते, वार्ताहर होते. हनुवटीवर मोको असलेल्या ननाया माहुता 2020 मध्ये देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या.

या सगळ्यात बसणाऱ्यांच्या वंशजांनी चित्रांचे काय केले, हा माझ्या मते निर्णायक पुरावा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलासमीक्षकांनी गोल्डीला वसाहतवादी म्हणून मोडीत काढले तेव्हा माओरी घराण्यांनी त्याची चित्रे टाकून दिली नाहीत. कला-इतिहासकार रॉजर ब्लॅकलीने 1997 मध्ये गोल्डीचे मोठे प्रदर्शन मांडले, तेव्हा वंशज आपल्या पूर्वजांसमोर उभे राहून त्यांना संबोधत होते. समीक्षक चित्रकाराविषयी बोलत होते आणि वंशज चित्रातल्या माणसाशी. लिंडाउअरची चित्रे 2014 मध्ये बर्लिनला आणि पुढच्या वर्षी पिल्झनला गेली, तीही माओरी विधींसह. ही चित्रे लिलावात दहा लाख डॉलरांपुढे जातात आणि तो पैसा घराण्यांना मिळत नाही, हा आक्षेप उरतोच आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. चित्रातल्या माणसावर घराण्याचा हक्क आहे हे तत्त्व मात्र हळूहळू मान्य होत चालले आहे. पाठीवर मूल बांधलेल्या, हनुवटीवर मोको असलेल्या तरुण आईचे लिंडाउअरचे चित्र त्याच्या सर्वात गाजलेल्या चित्रांपैकी एक. फोटोवरून केलेले हे चित्र त्याने गिऱ्हाइकांसाठी वारंवार रंगवले आणि दीर्घकाळ ते आना रुपेने या नावाने ओळखले गेले. ती आना रुपेने नव्हतीच. ऑकलंडच्या कलादालनातल्या पाटीवर आता तिचे खरे नाव आहे, हेनी हिरिनी, आणि जुने नाव कंसात गेले आहे.